भट्टीला आज विशेष ऊब आहे

काम तीन दिवसांचं होतं. निदान मोठे साहेब तसं म्हणाले होते. आणि मोठे साहेब ज्या कामाला तीन दिवस पुरतील म्हणतात ते काम त्यांना स्वतःला करायचं नसतं, एवढी अक्कल बावीस वर्षांच्या नोकरीत वेलांटीरावांना यायला हवी होती. आलीही होती. पण कौतुकाचे चार शब्द एका कानातून आत शिरले की बावीस वर्षांची अक्कल दुसऱ्या कानातून बाहेर पडते.

"भाषेचं नाजूक काम आहे," साहेब म्हणाले. "आपल्या कंपनीत भाषा कळणारे तुम्ही एकटेच."

हे खरं होतं असं नव्हे. पण साहेबांचं म्हणणं खोडून काढण्याइतके वेलांटीराव उद्धट नव्हते. ते पुरवठा विभागात होते. कुठल्या दुकानाला किती गाद्या गेल्या याच्या याद्या करायच्या, एवढंच त्यांचं काम. भाषेशी त्यांचा संबंध इतकाच, की ऑफिसातल्या नळावर 'पाणि जपून वापरा' अशी पाटी होती आणि त्यांनी एकदा सगळ्यांदेखत खुर्चीवर चढून तिची वेलांटी सुधारली होती. खुर्ची घसरली, आधाराला धरलेला नळ हातात आला, दिवसभर पाणी वाहिलं; पण पाटी शुद्ध झाली. त्या दिवसापासून त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

कंपनी गाद्या आणि उशा बनवायची. कारखान्यात, गोदामात, गाड्या सुटतात त्या आवारात आणि वर ऑफिसात मिळून नऊ मोठे स्क्रीन भिंतीला लावलेले होते. त्यांना सगळे डॅशबोर्ड म्हणत. कुठे काय चाललंय ते त्यावर दिसायचं. त्यावरची वाक्यं फार पूर्वी कुणीतरी घाईत लिहिली होती आणि लिहिणारा नोकरी सोडून गेला होता. 'माल संपला.' 'गाडी अडकली.' 'भट्टी तापली. बंद करा.' आणि तक्रार विभागासाठी खास: 'तक्रार दहा दिवस पडून. लाज बाळगा.'

बारा वर्षं ही वाक्यं सगळ्यांनी वाचली, त्याप्रमाणे कामं केली, क्वचित लाजही बाळगली. कुणाचं काही बिघडलं नाही. मग एके दिवशी एक मोठा दुकानदार कारखाना बघायला आला, त्याने ती 'लाज' वाचली आणि हसत हसत विचारलं, "तुमच्या जाहिरातीत तर फार गोड बोलता की हो!"

झालं. बाहेर गोड आणि आत कडू असं कंपनीचं बोलणं असू नये, बाहेरचा आवाज तोच आतला आवाज, असा ठराव झाला. ठराव ब्रँडबाईंचा होता. ब्रँडबाई कंपनीत नव्या होत्या आणि इतक्या हळू बोलत, की समोरच्याला ऐकायला पुढे झुकावं लागे. त्यामुळे त्यांच्या खोलीतून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस नमस्कार करून आल्यासारखा वाकलेला दिसे.

त्यांनी वेलांटीरावांच्या हातात चौसष्ट पानांची एक पुस्तिका ठेवली. 'आमचा आवाज.' पहिल्याच पानावर होतं: आमचा आवाज मऊ, ऊबदार, धीमा आणि आश्वासक आहे. बाराव्या पानावर होतं: आपण कधीही 'नाही' म्हणत नाही.

"या वाक्यात 'नाही' आलंय," वेलांटीराव म्हणाले. सवय वाईट.

"तो नियम आहे, सर. तो आवाज नाहीये," ब्रँडबाई मऊपणे म्हणाल्या. "तुम्ही फक्त कल्पना करा, एक प्रेमळ मावशी तुमच्या अंगावर पांघरूण घालते आहे. ती कसं बोलेल?"

वेलांटीरावांनी कल्पना करायचा प्रयत्न केला. पण त्यांच्या ओळखीची कारखान्यात एकच मावशी होती. गाद्यांचा फोम पक्का करायच्या भट्टीवर ती वीस वर्षं उभी होती, आणि ती पांघरूण घालणाऱ्यांतली नव्हती, ओढून काढणाऱ्यांतली होती. शिवाय झोपलेल्या माणसाशी मावशी बोलेल तरी कशाला, हीही शंका होतीच. ती त्यांनी गिळली.

एकूण वाक्यं एक्केचाळीस. दिवसाला चौदा केली तर तीन दिवसांत काम खलास, असा हिशेब करून ते घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले.

त्यांची बायको मोठ्या इस्पितळात वॉर्डाची प्रमुख नर्स होती. सगळी इमारत तिला सिस्टर म्हणे, आणि अडचणीच्या प्रसंगी वेलांटीरावसुद्धा. दिवसभर उभं राहून आलेल्या सिस्टरनी चष्मा वर करून पहिलं वाक्य वाचलं. 'माल सध्या विश्रांती घेत आहे.'

"म्हणजे माल आहे?"

"नाही, संपला."

"मग संपला म्हणा की."

"तसं म्हणता येत नाही. आपला आवाज मऊ आहे."

"अहो, आमच्याकडे पेशंटच्या कागदावर मी उद्यापासून 'श्वास जरा लाजतोय' असं लिहू का?" असं विचारून सिस्टर हात धुवायला गेल्या. वेलांटीरावांच्या मनाला ते लागलं. साहित्यिकाच्या घरात साहित्याची कदर होत नाही, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. आपण साहित्यिक कधीपासून झालो, हा विचार मात्र आला नाही.

कदर करायला शेजारी होते. शेजाऱ्यांना आपल्याकडे कुठल्या विषयातलं काय कळतं असं विचारायची पद्धत नाही. काम कळलं की पुरे. वरच्या मजल्यावरचे तारमास्तर, म्हणजे तार ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ, जिन्यातच भेटले.

"शब्द कापा," ते म्हणाले. "मी उभी हयात माणसांचे जन्म आणि मृत्यू पाच-पाच शब्दांत पोचवले. एकाही माणसाने परत येऊन समजलं नाही म्हणून सांगितलं नाही."

"मृत्यूवाले कसे सांगतील?" वेलांटीराव म्हणाले, आणि तारमास्तर आठवडाभर बोलेनासे झाले.

तळमजल्यावर मुलांच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई राहत. त्यांनी सगळं यमकात करा म्हणून सांगितलं. यमक डोक्यात बसतं, त्यांच्याकडची मुलं पाढेसुद्धा यमकात म्हणतात. नाही म्हणायचं नाही या नियमाची एव्हाना सवय झालेल्या वेलांटीरावांनी एका दुपारी तेही करून पाहिलं. 'माल जरी नसे गोदामात, राहू आपण समाधानात.' ब्रँडबाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "छान आहे सर, पण हे धीमं नाही. याच्यावर कुणीतरी टाळी वाजवेल."

दहा दिवस गेले. वाक्यं तयार झाली. वेलांटीरावांना वाटलं, सुटलो.

मग त्यांना कळलं की कंपनीत शब्द बदलायचा एक फॉर्म आहे. 'शब्दबदल प्रस्ताव', तीन प्रतींत. जुना शब्द, नवा शब्द, बदलाचं कारण, जुन्या शब्दाचं पुढे काय करणार. त्यावर विभागप्रमुखाची सही, कॉम्प्युटर विभागाची सही, वकिलांची सही आणि ब्रँडबाईंची सही. एक्केचाळीस वाक्यं, तीन प्रती, चार सह्या. गुणाकार त्यांनी केला आणि कागद उलटा करून ठेवला.

कंपनीचे वकील सज्जन होते. त्यांनी फक्त काही शब्द काढायला लावले. 'लवकरच' काढा, कारण ते वचन होतं. 'नक्की' काढा, कारण ते खोटं ठरतं. 'आपली गाडी' मधलं 'आपली' काढा, कारण उद्या कुणी मालकी सांगेल. भट्टीच्या वाक्यात वेलांटीरावांनी 'कृपया डोकावून पाहावं' लिहिलं होतं. वकील म्हणाले, "हा हुकूम झाला. हुकूम दिला आणि डोकावणाऱ्याला काही झालं, तर जबाबदारी आपली. तिथे 'वेळ मिळाल्यास' घाला. म्हणजे त्याने स्वखुशीने डोकावलं असं होईल."

घातलं. वाक्य झालं: 'भट्टीला आज विशेष ऊब आहे. वेळ मिळाल्यास एकदा डोकावून पाहावं.' खरं सांगायचं तर एक्केचाळिसांत वेलांटीरावांचं सगळ्यात आवडतं वाक्य हेच. 'विशेष' या शब्दावर ते तीन दिवस बसले होते.

कॉम्प्युटरवाला निराळ्या जातीचा माणूस होता. तो फक्त मोजायचा. "चौकटीत अठरा अक्षरं मावतात," तो म्हणाला.

"पण हे वाक्य अठरा अक्षरांत कसं बसेल?"

"बसणार नाही. सरकवावं लागेल. बातम्यांच्या खाली पट्टी सरकते ना, तसं."

सरकायचा वेग किती ठेवायचा यावर एक बैठक झाली. पुस्तिकेत आवाज धीमा म्हटला होता. तेव्हा वाक्य धीमंच सरकलं पाहिजे, असं ठरलं. भट्टीचं पूर्ण वाक्य उजवीकडून डावीकडे सरकायला पंचावन्न सेकंद लागत. लाल रंग काढून टाकला, कारण लाल रंगाने झोप उडते असं पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर होतं. त्याच्या जागी फिका गुलाबी आला. इशाऱ्याची कर्कश घंटा काढून तिच्या जागी अंगाई वाटावी अशी एक धून बसवली. तक्रार विभागाचं नाव 'मनातलं' झालं. 'कारणे दाखवा नोटीस' हीसुद्धा यादीत होती. ती 'मन मोकळं करा' झाली. तीन दिवसांचं काम सात आठवड्यांत आटोपलं. मोठ्या साहेबांनी वेलांटीरावांच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "बघा, म्हटलं होतं ना, तुमच्यासाठी हे काम म्हणजे तीन दिवसांचा खेळ!"

पहिला आठवडा बरा गेला. कुणी वाचलंच नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात ड्रायव्हर लोक वाचायला लागले. 'गाडी अडकली'च्या जागी आता 'गाडी वाटेत जरा विसावली आहे' असं येत होतं. आवारातल्या मुकादमाने सरळ अर्थ लावला, आणि पुलावरच्या कोंडीत तीन तास घामाने भिजलेल्या ड्रायव्हरला परत आल्याआल्या विचारलं, "काय, झाली का झोप?" त्या ड्रायव्हरने मुकादमाला जे उत्तर दिलं ते पुस्तिकेच्या चौसष्ट पानांपैकी एकाही पानात बसणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळे ड्रायव्हर वेलांटीरावांच्या टेबलाभोवती उभे राहिले.

"विसावली कोण म्हणालं?"

"ते... गाडीबद्दल आहे. तुमच्याबद्दल नाही," वेलांटीराव म्हणाले.

"गाडी आपली आपण विसावते का?"

वेलांटीरावांनी शब्दबदलाचा कोरा फॉर्म पुढे केला. ड्रायव्हरांनी त्याच्या तिन्ही प्रतींचं जे करायचं ते केलं आणि निघून गेले.

मग इस्पितळाचं प्रकरण झालं. हे सांगताना वेलांटीराव आजही खाली बघतात.

सिस्टरच्या इस्पितळात नवा वॉर्ड तयार होत होता. साठ खाटांना साठ गाद्या हव्या होत्या. विक्रीच्या माणसाने स्क्रीनवर पाहिलं, तर इस्पितळाच्या खास गाद्यांसमोर फिक्या गुलाबी रंगात 'माल सध्या विश्रांती घेत आहे'. गाद्या गोदामात पहुडल्या आहेत, उठवायच्या आणि पाठवायच्या, असं समजून त्याने मंगळवारचा वायदा केला. मंगळवारी वॉर्ड उघडला. डॉक्टर आले, पाहुणे आले, रिबीन कापली गेली. आत साठ खाटा, साठ चादरी आणि एकही गादी नाही. चादरी नुसत्या लोखंडी पट्ट्यांवर ताणून बसवलेल्या. एका पाहुण्याने कौतुकाने खाटेवर हात दाबून पाहिला आणि तो पट्ट्यांतून आरपार गेला. वॉर्डाची प्रमुख नर्स तिथेच उभी होती.

सिस्टर घरी आल्या, चपला काढल्या, पाणी प्यायल्या. वेलांटीराव वर्तमानपत्राच्या आड बसले होते.

"गाद्या विश्रांती घेत होत्या म्हणे," सिस्टर म्हणाल्या.

वर्तमानपत्र आणखी वर सरकलं.

"माझे पेशंट मात्र जागे आहेत. ते उद्यापर्यंत जुन्या वॉर्डात, एका खाटेवर दोघं. तुमच्या त्या बाईंना सांगा, त्यांना पांघरूण घालायला कुणीतरी मावशी पाठवा."

यानंतर दोन दिवस घरात फक्त मऊ, धीमा आवाज होता. सिस्टर काहीच बोलत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी वेलांटीराव धीर करून मोठ्या साहेबांकडे गेले आणि म्हणाले, काही वाक्यं पुन्हा बघायला हवीत. साहेब म्हणाले, "अहो, असं काय करता? गुरुवारी बारा दुकानदार येतायत खास तुमची भाषा बघायला. इस्त्रीचा शर्ट घालून या."

माणसाचा स्वभाव विचित्र असतो. ड्रायव्हर, साठ गाद्या, बायकोचं मौन, सगळं त्या 'तुमची भाषा'पुढे फिकं पडलं. गुरुवारी वेलांटीराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

दुपारची वेळ. ब्रँडबाई बारा दुकानदारांना घेऊन भट्टीच्या शेडमध्ये आल्या. शेडमध्ये फोमचे थर छताला लागतील असे रचलेले. भट्टीवरची मावशी जेवायला गेली होती आणि तिच्या जागी एक बदली माणूस होता, पंचेचाळिशीचा, शांत, सांगितलं तेवढंच करणारा. तो भट्टीच्या मागे थर मोजत होता.

"आणि हे आमचे शब्दांचे जादूगार," ब्रँडबाईंनी ओळख करून दिली. बारा दुकानदारांनी मान डोलावली. वेलांटीराव लाजले. तेवढ्यात अंगाईची धून सुरू झाली.

"बघा, आता एक वाक्य येईल," ब्रँडबाई म्हणाल्या. सगळ्यांनी माना वर केल्या.

फिक्या गुलाबी पट्टीवर शब्द उमटला. 'भट्टीला'. दुकानदार कौतुकाने बघत राहिले. 'आज'. वेलांटीरावांना आपलं वाक्य ओळखू आलं आणि क्षणभर छाती फुगली. 'विशेष'. एका दुकानदाराने "वा!" म्हटलं. तीन दिवस सार्थकी लागले. आणि त्याच क्षणी वेलांटीरावांच्या नाकात वास शिरला.

त्यांनी खाली पाहिलं. भट्टीच्या दाराच्या फटीतून काळा धूर येत होता. आधी बारीक दोरीसारखा, मग दंडासारखा. त्यांनी वर पाहिलं. 'ऊब'. त्यांनी दुकानदारांकडे पाहिलं. बाराही जण, पाहुण्यांना शोभेल अशा सौजन्याने, वाक्य पुरं व्हायची वाट बघत होते. ब्रँडबाईही बघत होत्या, आणि सगळ्यांत पुढे, भट्टीपासून चार पावलांवर उभ्या होत्या. 'आहे'. पूर्णविराम. 'वेळ'.

दाराच्या फटीतून पिवळी जीभ बाहेर आली आणि बाजूच्या फोमच्या थराला चाटून गेली.

"आग!" वेलांटीराव ओरडले. "आग लागलीय! पळा!"

कुणी हललं नाही. इतक्या मऊ जागेत असा आवाज कुणाला अपेक्षितच नव्हता. 'मिळाल्यास' नुकतंच सरकत येत होतं.

"अहो वाचत काय बसलात, मूर्खांनो! पळा! बाहेर व्हा!"

आणि बावीस वर्षांत कुणाला वाटेतून बाजूलासुद्धा न ढकललेल्या या माणसाने ब्रँडबाईंचा दंड धरून त्यांना दाराकडे लोटलं, दोन दुकानदारांना पाठीत धक्के दिले, आणि मग त्यांना भट्टीमागचा बदली माणूस आठवला. ते आत धावले. हे शौर्य होतं की घाबरून दिशा चुकली याबद्दल त्यांचं स्वतःचंही मत अजून नक्की नाही. बदली माणूस धुरात खोकत उभा होता आणि मोजणी विसरू नये म्हणून तोंडाने आकडा म्हणत होता. वेलांटीरावांनी त्याला कॉलरला धरून ओढत बाहेर आणलं. इस्त्रीच्या शर्टाची उजवी बाही दंडापर्यंत जळाली.

आवारात मावशी हात पुसत येत होती. तिने स्क्रीनकडे पाहिलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. धूर बघितला, भिंतीवरची भट्टीची मुख्य कळ खाली खेचली, वाळूची बादली उचलली आणि आवारातल्या ड्रायव्हरांना अशा काही शिव्या घातल्या, की सगळे बादल्या घेऊन धावले. अग्निशमन दलाची गाडी आली तेव्हा विझवायला फारसं उरलं नव्हतं. दोनशे उशांचा फोम, एक दार आणि बदली माणसाच्या भुवया, एवढ्यावर निभावलं. वरची पट्टी मात्र अजून तेच वाक्य पुन्हा पुन्हा सरकवत होती. 'डोकावून पाहावं' असं तिने शेवटी सांगितलं आणि धून थांबली.

संध्याकाळी सिस्टरनी भाजलेल्या दंडाला मलम लावलं. पट्टी बांधून झाल्यावर गाठ एकदा मारली, मग पुन्हा सोडून नीट मारली.

चौकशी झाली. बदली माणसाला विचारलं, की इशारा आला तेव्हा भट्टी का बघितली नाही?

"वेळ मिळाल्यास बघा असं लिहिलं होतं," तो म्हणाला. "मला वेळ मिळाला नाही."

समितीने एकमेकांकडे पाहिलं. उत्तरात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. बदली माणूस सुटला. वकील तर खूश झाले. हुकूम दिलेला नसल्यामुळे जबाबदारी कुणाचीच नव्हती. आग का लागली, हा प्रश्न अशा रीतीने मिटल्यावर समिती मुख्य विषयाकडे वळली. एका दुकानदाराने पत्र पाठवलं होतं. आपण इतक्या वर्षांचे व्यवहारातले, आणि आपल्याला कारखान्यात 'मूर्खांनो' म्हटलं गेलं.

सोमवारी वेलांटीरावांच्या टेबलावर फिक्या गुलाबी कागदावर पत्र आलं. वर ठळक अक्षरांत होतं: 'मन मोकळं करा'. खाली लिहिलं होतं, की गुरुवारी पाहुण्यांसमोर आपला आवाज मऊ, ऊबदार, धीमा व आश्वासक राहिला नसल्याचं जाणवलं. तरी त्याबद्दल सात दिवसांत मन मोकळं केल्यास सर्वांना बरं वाटेल. 'न केल्यास' पुढे काय होईल ते वकिलांनी लिहिलं होतं, आणि ते अजिबात मऊ नव्हतं. त्यात नोकरीचा उल्लेख होता.

चार दिवस वेलांटीराव उत्तराचे मसुदे करत होते. पहिल्यात त्यांनी माफी मागितली. दुसऱ्यात खेद व्यक्त केला. तिसऱ्यात 'माझा स्वर किंचित उंचावला असल्यास' असं लिहून ते बराच वेळ त्या 'असल्यास'कडे बघत बसले. चौथा कागद कोराच होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी काहीतरी धड, मोठ्याने, वेळेवर सांगितलं होतं, आणि आता त्याचीच माफी मागायला चांगले शब्द सापडत नव्हते.

सिस्टर ड्यूटीवर निघाल्या होत्या. दारातच थांबल्या.

"काय झालं होतं त्या दिवशी?"

"आग लागली होती."

"मग तुम्ही काय केलंत?"

"ओरडलो."

"कुणी मेलं?"

"नाही."

"मग तेच लिहा," सिस्टर म्हणाल्या. "मी रोज पेशंटच्या कागदावर तेवढंच लिहिते. आणि खाली सही करते."

त्यांनी तेच लिहिलं. 'आग लागली होती. म्हणून ओरडलो. बारा पाहुणे, ब्रँडबाई, एक कामगार आणि मी जिवंत आहोत.' सही केली. पहिल्यांदाच असं झालं, की लिहिलेलं परत वाचून बघावंसं वाटलं नाही.

दोन दिवसांनी ब्रँडबाई त्यांच्या टेबलाशी आल्या. वाकावं लागलं नाही. नीट ऐकू येत होतं.

"मीही वाचत उभी होते, सर," त्या म्हणाल्या. "ते वाक्य मी स्वतः मंजूर केलं होतं. मला तोंडपाठ होतं. तरी शेवटचा शब्द यायची वाट बघत होते." त्यांनी ओढणीचं टोक उगीच सारखं केलं. "तुम्ही ढकललंत म्हणून. समितीत मी तुमच्या बाजूने बोलले. थोडं मोठ्याने बोलले."

"काय म्हणाली समिती?"

"दचकली," ब्रँडबाई म्हणाल्या.

नोकरी वाचली. पत्र मागे घेतलं गेलं नाही, कारण मोकळं केलेलं मन परत बंद करायची तरतूद नियमात नव्हती. पण समितीने धडा घेतला नाही असं कुणी म्हणू नये. तिने नवा नियम केला, की यापुढे अत्यंत निकडीच्या प्रसंगी कर्मचाऱ्याला दोन कठोर शब्द वापरता येतील; मात्र त्यासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागेल. फॉर्म तीन प्रतींत.

आता दर महिन्याच्या एक तारखेला वेलांटीराव टेबलावर बसतात आणि पुढच्या महिन्याचा फॉर्म आगाऊ भरतात. शब्द: आग, पळा. वापरण्याचं कारण: आग. वापरण्याचा हेतू: पळणं. अपेक्षित दिनांक या रकान्यात पहिल्या वेळी त्यांनी 'सांगता येत नाही' लिहिलं होतं. 'नाही' आल्यामुळे फॉर्म परत आला. आता ते 'योगायोगाने' लिहितात.

पहिल्या मंजुरीची चिठ्ठी आली तेव्हा ती घेऊन ते भट्टीपाशी गेले आणि मावशीला वाचून दाखवली. आग: मंजूर. पळा: विचाराधीन.

मावशी भट्टीचं नवं दार पुसत होती. तिने फडकं खांद्यावर टाकलं.

"आणि मंजुरी यायच्या आत पेटली तर मी काय करायचं?"

"तुम्ही पळा, मावशी," वेलांटीराव म्हणाले. "मंजुरी आली की मी निरोप पाठवतो."